दोनशेपैकी एकशे एकतीस

त्रिशला मगदूमला भावाच्या मनातलं न बोलता कळतं, हे जयसिंगपुरात आठव्या गल्लीपासून स्टेशन रोडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

भरतेश तिचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षी, त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. जीव वाचला, पण मेंदूच्या देठाला मार बसला आणि सगळं शरीर त्याच्या ताब्यातून गेलं. बोट हलत नव्हतं, जीभ हलत नव्हती. चमच्यानं भरवलेलं पातळ तेवढं गिळलं जायचं. पापण्यांची उघडमीट व्हायची, पण ती त्यांच्या मर्जीनं, त्याच्या नव्हे. तो जागा आहे, ऐकतो, त्याला समजतं, एवढं मेंदूच्या तपासण्यांवरून नक्की झालं होतं. २०४० साल उजाडेपर्यंत अशा रुग्णांसाठी मेंदूलहरी वाचणाऱ्या टोप्या निघाल्या होत्या. पण भरतेशच्या कवटीत अपघातानंतर धातूची जाळी बसवलेली होती. तिच्यापलीकडचं टोपीला काही नीट उमगेना. पुन्हा कवटी उघडायला डॉक्टर धजावत नव्हते.

टोपीला जे जमलं नाही ते त्रिशलाला जमत होतं. त्याच्या कॉटशेजारी टेबल टाकून ती मातीच्या नमुन्यांचे अहवाल लिहीत बसायची आणि मधेच उठून त्याला पाणी भरवायची, खिडकी उघडायची, कूस बदलून द्यायची. यंत्रावर चढलेली त्याची नाडी मग हळूहळू खाली यायची. "तुला कसं कळलं?" असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "माहीत नाही. वाटलं."

त्यामुळे हरवलेल्या अंगठ्या आणि पळून गेलेले नवरे यांची चौकशी करायलाही लोक दारात यायचे. त्रिशला त्यांना चहा देऊन परत पाठवायची.

त्या वर्षी जूनमध्ये तिला पत्र आलं. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनींवर तिनं घरबसल्या केलेलं काम कुणाच्या तरी नजरेत भरलं होतं. मीठ शोषून घेणारं गवत लावून मिठानं मेलेली जमीन परत लागवडीला आणायची तिची पद्धत विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात वापरून बघायची होती. मुक्काम दर्यापूर, दोन वर्षं, प्रकल्पाची प्रमुख म्हणून. दोन महिन्यांत उत्तर हवं होतं.

आईनं पत्र वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं.

"तू गेलीस तर तो मुका होईल गं," ती म्हणाली.

"आई, माणूस ठेवता येईल."

"माणूस अंग पुसेल, भरवेल. त्याच्या मनातलं कोण सांगणार? ही तुझी मागच्या जन्मीची पुण्याई हाय. दुसऱ्या कुणाला जमायची न्हाई."

पुण्याई शिकवता येत नाही. आठवडाभर विचार करून ती एका सकाळी मिरजेला गेली.

*

मिरजेच्या संवेदन संशोधन केंद्रात अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्यांची तपासणी होत असे. ते काम डॉ. नसीम इनामदार बघायच्या. पन्नाशीच्या, आवाजानं बारीक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्रिशलानं सांगितलेलं सगळं त्यांनी न थांबवता ऐकून घेतलं.

"आजवर किती लोकांना तपासलंत?" त्रिशलानं विचारलं.

"चौदा वर्षांत दोनशे बारा."

"आणि पास किती?"

"एकही नाही."

"मग अजून कशाला तपासता?"

"दोनशे तेरावं माणूस आलंय म्हणून," नसीम हसल्या. "हे बघा, या तपासणीत दोन चोर असतात. एक गळती. बंद पाकिटातलं चित्र मनानं ओळखलं म्हणणारा माणूस खरं तर पाकीट धरणाऱ्याचा चेहरा वाचत असतो. बऱ्याचदा त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं. घरात जिन्यावर पाऊल वाजलं की कोण आलं ते आपल्याला कळतं ना? कसं कळलं, ते सांगता येत नाही. तसंच. दुसरा चोर म्हणजे ओढ. जे ऐकावंसं वाटतं तेच ऐकू येतं. बरोबर आलेलं लक्षात राहतं आणि चुकलेलं विसरून जातं. म्हणून आम्ही गळती बुजवतो आणि चुकासुद्धा मोजतो. मग उरतं ते खरं."

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "तुम्हाला काय निघायला हवंय?"

"अतींद्रिय निघालं तर मी त्याच्याजवळच राहणार. दुसरं काही निघालं तर कदाचित ते कुणाला शिकवता येईल."

"तिसरी शक्यता पण आहे."

"काय?"

"काहीच न निघण्याची. नऊ वर्षं त्याच्या वतीनं तुम्हीच बोलत होता, अशी."

"हो," त्रिशला म्हणाली. "त्याचीच भीती वाटते. म्हणून तर आले."

*

रुग्णवाहिकेतून भरतेशला मिरजेला आणून केंद्रातल्याच एका खोलीत ठेवलं. आई बरोबर होती, पण तपासणीच्या खोलीत यायला तयार नव्हती. "देवानं दिलेल्याची परीक्षा घेऊ नये," म्हणून ती बाहेरच्या बाकावर माळ घेऊन बसली.

"भरतेशची परवानगी आहे?" नसीमनं विचारलं.

"तो हो म्हणतोय," त्रिशला म्हणाली.

"ते तुम्ही म्हणताय." त्या कॉटजवळ गेल्या आणि वाकून भरतेशशीच बोलल्या. "भरतेश, हे तुमच्या मनाविरुद्ध होत असेल तर आज मला ते कळायला मार्ग नाही. तो मार्ग असला तर सापडावा म्हणूनच हे चाललंय. तुम्हाला त्रास वाटला आणि नाडी चढली की मी थांबवीन."

तपासणी साधी होती. भरतेशच्या वरच्या पडद्यावर चारांपैकी एक चित्र यायचं: पाण्याचा पेला, खिडकी, रेडिओ किंवा कूस बदलणारा माणूस. कुठलं चित्र यायचं ते एक यंत्र ठरवायचं. त्या यंत्रात किरणोत्सारी पदार्थाचा एक कण होता. त्यातला पुढचा अणू नेमका कधी फुटेल ते जगात कुणालाच सांगता येत नाही. त्या फुटण्यावरून चित्र निवडलं जायचं. त्यामुळे ते ना नसीमला आधी माहीत असायचं, ना दुसऱ्या कुणाला. भरतेशनं फक्त ती गोष्ट मागायची, मनातल्या मनात. त्रिशलानं चारांपैकी एक बटण दाबायचं. एका फेरीत दोनशे प्रश्न, पाच दिवसांत विभागलेले. डोळे मिटून बटणं दाबली तरी दोनशेपैकी पन्नासच्या आसपास उत्तरं बरोबर येणारच.

पहिल्या फेरीत दोघं दोन वेगळ्या खोल्यांत होती. भिंती अशा, की आवाज, प्रकाश, रेडिओलहरी यांतलं काहीच आरपार जाऊ नये. पाचव्या दिवशी आकडा आला.

त्रेपन्न.

त्रिशला बाहेर येऊन आईशेजारी बसली. नऊ वर्षांतलं एकेक आठवायला लागलं. त्याला उकडतंय म्हणून लावलेला पंखा, त्याला कंटाळा आलाय म्हणून वाचून दाखवलेली पुस्तकं. यातलं त्याचं काय होतं आणि आपलं काय?

"चल घरी," आई म्हणाली. "मी म्हटलंच होतं."

नसीम मागून आल्या. "अजून घरी नाही जायचं. आत्ता फक्त एवढंच कळलं की भिंतीपलीकडून काही येत नाही. आता भिंत काढू."

दुसऱ्या फेरीत दोघं एकाच खोलीत, घरी असायची तशी. ती खुर्चीवर, तो कॉटवर. चित्र तिला दिसू नये म्हणून पडद्याची पाठ तिच्याकडे.

दोनशेपैकी एकशे एकतीस.

नसीमनं तो कागद तीनदा वाचला. चौदा वर्षांत असला आकडा त्यांनी पाहिला नव्हता. नुसत्या अंदाजानं एवढी उत्तरं बरोबर यायची, तर माणसाला जगाच्या अंतापर्यंत बटणं दाबत बसावं लागलं असतं.

"म्हणजे आहे?" त्रिशलानं विचारलं.

"काहीतरी आहे. भिंतीला अडतंय, म्हणजे अतींद्रिय नाही. गळती आहे. आणि पहिल्यांदाच मला ही गळती बुजवायची नाहीये, शोधायची आहे."

जुलैचे तीन आठवडे तेच चाललं. दोघांमध्ये जाड काच घातली. दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. सत्तेचाळीस. काच काढून गडद पडदा लावला. ऐकू येत होतं, पण दिसत नव्हतं. एकशे अठ्ठावीस. पडद्याआड धबधब्यासारखा सततचा आवाज सोडला. बावन्न.

"कान," नसीम म्हणाल्या. "तुम्ही ऐकताय."

"पण तो तर आवाजच करत नाही!"

"बघू."

*

पुढच्या रविवारी सकाळी नसीमनं तिला एकटीला आपल्या खोलीत बोलावलं. भरतेशच्या उशाशी लावलेल्या सहा मायक्रोफोनांचं मुद्रण त्यांनी आठवडाभर ऐकलं होतं. त्यांनी एक तुकडा दसपट हळू करून लावला. श्वास आत, श्वास बाहेर. आणि बाहेर जाताना मधेच एक बारीकशी ठेच. पुन्हा एक. मग लांब सुटलेला उच्छ्वास.

"टाळूच्या मागच्या बाजूला एक मऊ पडदा असतो," नसीम म्हणाल्या. "आपण गिळताना, बोलताना तो नाकाची वाट बंद करतो. भरतेशच्या सगळ्या नसा गेल्या, पण त्या पडद्याची एक नस थोडी शाबूत राहिली. तो पडदा निमिषभर मिटला की बाहेर जाणारा श्वास अडतो आणि सुटतो. दोन आखूड ठेचा आणि एक लांब, हे पाणी. एक लांब, एक आखूड, ही खिडकी. सगळं मुद्रण तपासलं. दर वेळी तेच."

"तहान लागली की आपोआप होत असेल."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण नुकतंच पोटभर पाणी पाजल्यावरही पेल्याचं चित्र आलं की तीच खूण येते. म्हणजे हे शरीराचं कुरकुरणं नाही. हा शब्द आहे."

नसीमनं मुद्रण बंद केलं.

"तुमच्याकडे सहावं इंद्रिय नाही, त्रिशला. तुम्हाला चांगले कान आहेत आणि तुम्ही नऊ वर्षं त्याच्याजवळ बसलात. विलक्षण जे काही आहे ते त्याचं आहे. सगळं शरीर गेल्यावर त्याला एक न दिसणारा पडदा तेवढा हाताशी राहिला. त्यावर त्यानं खुणा तयार केल्या. तुम्ही चुकलात की तो तीच खूण पुन्हा करत राहिला, बरोबर वागलात की थांबला. असं एकेक करून त्यानं तुम्हाला शिकवलं. आपण शिकतोय याचा तुम्हाला पत्ताही नव्हता."

त्रिशला उठून भरतेशच्या खोलीत गेली. तो नेहमीसारखा छताकडे बघत पडला होता. ती त्याच्या उशाशी बसली.

"अरे, तू बोलत होतास?" तिनं विचारलं. "इतकी वर्षं?"

ती कान देऊन ऐकू लागली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीच कळेना. मुद्दाम ऐकायला गेल्यावर श्वास हा नुसता श्वास होता. तिला हसू फुटलं, आणि हसताहसता ती इतकी रडली की बाहेरच्या बाकावरची आई माळ टाकून धावत आत आली.

त्रिशलानं तिला सगळं सांगितलं. आईनं ते ऐकता ऐकता कॉटचा कठडा घट्ट धरला.

"म्हणजे ही पुण्याई न्हाई?"

"नाही, आई."

"देवानं तुला वेगळं असं काही दिलं न्हाई?"

"नाही."

आई अगदी हळू म्हणाली, "मग मलाबी ऐकू येईल?"

त्रिशलानं तिच्याकडे पाहिलं.

"नऊ वर्षं झाली," आई म्हणाली. "रोज वाटायचं, हिला कळतं, मला का कळू नये? त्याची आई तर मी हाय. काहीतरी पाप घडलं असंल माझ्या हातून. म्हणून मग मी ऐकायलाच गेले न्हाई कधी."

मागोमाग आलेल्या नसीमनं मुद्रण पुन्हा लावलं. दसपट हळू, मग पाचपट, मग जसंच्या तसं. आई कान पुढे करून बसली. विसाव्या वेळी ती म्हणाली, "ही दोन आखूड न् एक लांब. पाणी." आणि पदरानं डोळे पुसत पेला आणायला निघाली.

*

पुढचं काम यंत्राचं होतं. नाकाखाली चिकटवायची तांदळाएवढी चकती आणि उशाशी एक लहान डबी. चकती श्वासातली प्रत्येक ठेच टिपायची आणि डबी ती बोलून दाखवायची. केंद्रातल्या लोकांनी तिला श्वासवाचक म्हणायला सुरुवात केली. भरतेशच्या स्वतःच्या खुणा सतरा निघाल्या. नसीमनं त्यांत बाराखडीची भर घातली: डबी एकेक अक्षर म्हणत जाणार, हवं त्या अक्षराला त्यानं एक ठेच द्यायची. संथ काम होतं. एका वाक्याला वीस-वीस मिनिटं लागायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यानं पहिला शब्द जुळवला. खोलीत तिघीही श्वास रोखून उभ्या होत्या.

"क्रिकेट," डबी म्हणाली.

"क्रिकेट?" आई गोंधळली.

अजून वीस मिनिटं गेली. "रोज स्तवन नको."

त्रिशला मटकन खुर्चीत बसली. त्याला बरं वाटतं म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ रेडिओवर स्तवनं लावायची ती. "अरे, पण मला वाटायचं..."

"एकशे एकतीस बरोबर होती," नसीम हसू दाबत म्हणाल्या. "बाकीची एकोणसत्तर अशी असतात. आपल्याला जिथे स्वतःला काही हवं असतं, तिथे आपण हमखास चुकतो."

त्रिशलाचं हसू मावळलं. तिच्या पर्समध्ये दर्यापूरचं पत्र होतं. उत्तराला नऊ दिवस उरले होते. या दोन महिन्यांत तिनं भरतेशला त्याबद्दल विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर कानांवर पडलेलं उत्तर त्याचं की आपलं, ते तिला ठरवता आलं नसतं.

"मॅडम," ती म्हणाली, "एक प्रश्न तुम्ही विचाराल? मी इथे नको."

ती बाहेर जाऊन बाकावर बसली. आवारात कुणीतरी गवत कापत होतं. तास झाला, दोन तास झाले. नसीम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कागद होता. त्यावर डबीनं जुळवलेली वाक्यं जशीच्या तशी लिहिली होती.

*अक्का कधी जाणार हेच विचारायचं होतं. खूण नव्हती. चार वर्षांपूर्वी तिनं पत्र फाडलं. तेव्हा सांगितलं, बाहेर जा. तिनं खिडकी उघडली.*

त्रिशलानं ते दोनदा वाचलं. चार वर्षांपूर्वी खरंच असंच एक कामाचं पत्र आलं होतं, हैदराबादहून. तिनं आईलाही न सांगता त्याच्या कॉटशेजारी बसून ते पुटपुटत वाचलं आणि फाडलं होतं. त्या दुपारी तो सारखा खिडकी मागत होता, आणि ती उघडूनही त्याची नाडी उतरत नव्हती, हे तिला आता आठवलं.

ती आत गेली. "जाऊ मी?"

नसीमनं डबी बंद करून ठेवली होती. तरी या वेळी त्रिशलानं कान दिले नाहीत. ती नुसती जवळ बसून राहिली, नेहमी बसायची तशी. आणि तिला कळलं.

"हो म्हणतोय," आईच तिच्या आधी म्हणाली. "ऐकलं न्हाईस?"

*

दर्यापूरला डिसेंबरात थंडी चांगलीच पडते. पूर्णेच्या काठची ती पांढुरकी माती हातात घेतली की बोटांना चुरचुरायची. पहिल्या सहा एकरांत गवत रुजलं होतं. रविवारी सकाळी बांधावर बसून त्रिशला घरी फोन लावायची. फोनमध्ये मागचा आवाज गाळून टाकायची सोय असते. ती तिनं पहिल्याच दिवशी बंद केली होती, नाहीतर भरतेशचं सगळं बोलणंच गाळलं गेलं असतं.

"डबी कशी चाललीय?" तिनं विचारलं.

"कधीमधी लावतो," आई म्हणाली. "लई हळू हाय ती. तिचं एक अक्षर होतंय तोवर आमचं बोलून होतं. मिरजेच्या बाई आल्या होत्या परवा, त्यांनी माझं मोजलं. दोनशेत एकशे ऐंशी."

"एकशे ऐंशी!"

"आता तिथल्या दोन नर्सांना शिकवायला मला बोलवत्यात. तशी चार पेशंटं हायत त्यांच्याकडं, ते पण श्वासानं काही सांगत असतील म्हणे, कुणी ऐकलं न्हाई एवढंच. मंगळवारपासून जाणार. भरतेशला बी नेणार. तो शिकवणार, मी सांगणार."

आपण नसताना घर इतकं पुढे गेलं याचा त्रिशलाला किंचित हेवा वाटला आणि मग खूप बरं वाटलं.

"त्याच्याजवळ धर फोन," ती म्हणाली.

फोनमध्ये श्वास ऐकू आला. आत, बाहेर. एक ठेच, लांब, पुन्हा तीन आखूड, मग एक विचित्र गिरकी घेतल्यासारखी. असली खूण तिनं आधी कधी ऐकलेली नव्हती.

पलीकडे आई खदखदून हसली. इतकी, की फोन हातातून निसटल्यासारखा झाला.

"काय म्हणाला?" त्रिशलानं विचारलं. "आई, मला नाही कळलं. काय म्हणाला तो?"

"काही न्हाई," आई अजून हसतच होती. "हे आमचं नवीन हाय. थांब, त्याला विचारते तुला सांगू का."